आयुष्यात एकही वर्ल्ड टायटल जिंकलं नाही, तरी पूलचा सगळ्यात फेमस खेळाडू ठरलेला मिनेसोटा फॅट्स

लहानपणी गल्लीत खेळताना प्रत्येक टोळीत एक लिंबू-टिंबू असायचाच. वयाने लहान, पळायला कच्चा. तो आउट झाला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. कॅरमच्या बोर्डवरही तेच. समोरचा फारच तयारीचा असेल तर डाव सुरू होण्याआधीच घासाघीस व्हायची की मला दहा पॉइंट आधीच दे, मग खेळतो.

दुबळ्याला मिळणाऱ्या या सवलतीला खेळाच्या भाषेत हॅंडिकॅप म्हणतात.

आता याच डावावर पैसे लावले तर काय होईल? सवलत ही दयामाया राहत नाही, तो सौदा होतो. आणि सौदा म्हटला की कुणीतरी फायद्यात जाणार आणि कुणाचा तरी खिसा रिकामा होणार, हे आलंच.

अमेरिकेत एक माणूस असा होता ज्याने आख्खं आयुष्य या सौद्यावर काढलं. तो पूल खेळायचा. पूल म्हणजे नदीवरचा नव्हे, हिरव्या कापडाच्या आणि सहा पॉकेटच्या टेबलावर क्यूने बॉल मारायचा तो पूल. त्या खेळातलं एकही मोठं अजिंक्यपद त्याने जिंकलं नाही. तरीही गेल्या शतकात अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या माणसाला पूल खेळणाऱ्या एखाद्याचं नाव विचारलं असतं, तर बहुतेकांनी याचंच नाव सांगितलं असतं.

तो होता मिनेसोटा फॅट्स. गंमत म्हणजे हे नावही त्याचं नव्हतं. ते त्याने ढापलेलं होतं.

न्यूयॉर्कचा डबल स्मार्ट

खरं नाव रुडॉल्फ वांडरोन. जन्म १९ जानेवारी १९१३, न्यूयॉर्क. आईबाप स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले. पोरगं मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात वाढलं आणि शाळेपेक्षा पूलच्या अड्ड्यांवरच जास्त रमलं.

त्या काळातले पूल हॉल म्हणजे आजच्यासारखे एसी लावलेले पार्लर नव्हते. सिगारेटचा धूर, भिंतीला टेकून बसलेली रिकामटेकडी मंडळी, कोपऱ्यात पत्त्यांचा डाव आणि टेबलाभोवती पैजा लावणारे. तिथे दोन प्रकारचे खेळाडू असायचे. एक, जे स्पर्धा खेळायचे, सूट घालायचे आणि ज्यांचं नाव पेपरात यायचं. दुसरे, ज्यांचं नाव पेपरात येणं त्यांनाच परवडणारं नव्हतं. कारण आपण किती चांगलं खेळतो हे जगाला कळलं, तर पैसे लावून खेळणार कोण? या दुसऱ्या जातीला हसलर म्हणत.

वांडरोन या दुसऱ्या जातीतला. अंगाने गोलमटोल, तोंडाने अखंड चालू. अड्ड्यावर त्याला न्यूयॉर्क फॅट्स म्हणायचे. दुसरं टोपणनाव होतं डबल स्मार्ट.

हे दुसरं नाव त्याला मिळालं यातच सगळं आलं. त्याच्यापेक्षा सरळ बॉल मारणारे न्यूयॉर्कमध्ये होते. पण डाव ठरवताना त्याच्यापेक्षा हुशार माणूस शोधावा लागला असता.

डाव ठरवणं म्हणजे काय?

पैशाच्या पूलमध्ये खरा खेळ पहिला बॉल फुटायच्या आधी सुरू होतो. कोणता गेम खेळायचा, कोणत्या टेबलावर, किती गेमपर्यंत, ब्रेक कोणाचा, पैसे किती आणि कुणी कुणाला किती सवलत द्यायची, हे सगळं बोलून ठरतं. बाजारात भाजीचा भाव ठरतो तसं.

हॅंडिकॅप या शब्दाचा उगमही असाच आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात वस्तूंची अदलाबदल करण्याचा एक खेळ होता. एकाची वस्तू भारी, दुसऱ्याची हलकी. मधला पंच फरकाची रक्कम ठरवायचा आणि खेळणारे टोपीत हात घालून आपल्याला सौदा मान्य आहे की नाही ते दाखवायचे. टोपीतला हात, म्हणून हॅंड-इन-कॅप. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला, तिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादू लागले आणि मग तो सगळ्याच खेळांत पसरला. म्हणजे मुळात हा शब्द दयेचा नाहीच, तो घासाघिशीचा आहे.

पूलमध्ये या सवलतीचे बरेच प्रकार आहेत. फॅट्सचं आयुष्य समजून घ्यायचं तर त्यातले तीन माहीत हवेत.

पहिला प्रकार बॉलचा. नाइन-बॉल या गेममध्ये १ ते ९ नंबरचे बॉल असतात. टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी टच करायचं आणि जो ९ नंबर पॉकेटमध्ये घालेल तो जिंकला. यात तगडा खेळाडू कच्च्याला सांगतो की तुला आठ दिला. म्हणजे कच्च्याने ८ किंवा ९ यातला कोणताही घातला तरी तो जिंकला, तगड्याला मात्र ९ च घालावा लागणार. फरक अजून मोठा असेल तर सातही दिला जातो.

दुसरा प्रकार गेमचा. समजा, जो आधी ९ गेम जिंकेल त्याचे पैसे असं ठरलं. तगडा म्हणतो, तुझे २ गेम आधीच धरले. आता कच्च्याला ७ च जिंकायचे आहेत, तगड्याला पूर्ण ९. जुन्या पूल हॉलमध्ये टेबलाच्या वर तार बांधलेली असे आणि तिच्यात ओवलेले मणी सरकवून स्कोअर मोजत. सवलतीचे मणी डाव सुरू व्हायच्या आधीच सरकवून ठेवायचे. म्हणून अमेरिकेत आजही याला तारेवरचे गेम म्हणतात.

तिसरा प्रकार वन-पॉकेटचा. हा गेम म्हणजे पूलमधलं बुद्धिबळ. १५ बॉल, पण प्रत्येक खेळाडूला टेबलाच्या एका टोकाच्या दोन कोपऱ्यांपैकी एकच पॉकेट. आपल्या पॉकेटमध्ये आधी ८ बॉल घालेल तो जिंकला. इथे सवलत बॉलच्या संख्येत मिळते. तगड्याला ९ आणि कच्च्याला ७, किंवा तगड्याला १० आणि कच्च्याला ६.

वन-पॉकेट हा फॅट्सचा आवडता गेम. या गेममध्ये नेमबाजीपेक्षा समोरच्याला अडकवून ठेवण्याला जास्त किंमत असते. बॉल घालायचा चान्स नसेल तर असा मारायचा की समोरच्यालाही तो मिळू नये. ज्याला घाई असते तो या गेममध्ये मरतो. फॅट्सला घाई नव्हती. तो बोलत राहायचा.

सवलत मोठी दिसते, पण असते का?

इथे जरा गणित बघू, कारण फॅट्ससारख्यांचा संसार याच गणितावर चालायचा.

समजा तुम्ही तुमच्यापेक्षा चांगल्या खेळाडूशी खेळताय. १०० गेम झाले तर तुम्ही ४० जिंकता आणि तो ६०. फरक फार मोठा वाटत नाही. एकच गेम खेळून पैसे द्यायचे ठरले तर तुमचा चान्स ४० टक्के.

आता तो म्हणाला, एकेक गेम काय खेळायचं, आधी ५ जिंकेल त्याचे पैसे. तुमचा चान्स उतरून साधारण २७ टक्के होतो. आधी ९ जिंकेल त्याचे पैसे असं ठरलं, तर तो २० टक्क्यांवर येतो. खेळणारे तेच, टेबल तेच, फक्त शर्यत लांब झाली. शर्यत जितकी लांब तितकं नशीब मागे पडतं आणि ताकद वर येते.

मग तो मोठ्या मनाने म्हणतो, जा, तुला २ गेम दिले. तुम्हाला वाटतं की ९ मधले २ फुकट, आता बरोबरी झाली. प्रत्यक्षात तुमचा चान्स होतो ३९ टक्के. प्रत्येक डावावर हजार रुपये लावून तुम्ही असे १०० डाव खेळलात, तर साधारण ३९ जिंकाल आणि ६१ हराल. म्हणजे सवलत घेऊनही २२ हजारांनी खड्ड्यात. खरी बरोबरी होण्यासाठी तुम्हाला ३ गेम लागतात. तेव्हा कुठे चान्स ५१ टक्के होतो.

म्हणजे २ आणि ३ मधल्या त्या एका गेमवर सगळा धंदा चालतो. हसलर २ देतो, ३ देत नाही. आणि २ देतानाही असा चेहरा करतो, जणू घरचं सोनं काढून दिलं.

बॉलच्या सवलतीत तर अजून मोठी मेख आहे. कच्च्या खेळाडूला आठ दिला की तो खूश होतो. पण ८ घालायला बहुतेक वेळा आधी टेबलावरचे १ ते ७ जायला हवेत. ज्याला सलग तीन बॉल घालता येत नाहीत, तो आठपर्यंत पोचणार कसा? तो मधेच चुकतो आणि पुढचं टेबल समोरचा साफ करतो. ही सवलत म्हणजे तालुक्याच्या गावी ठेवलेला पैसा. आहे तुमचाच, पण तिथवर जायला गाडी नाही. तारेवरचे गेम मात्र रोख. ते डाव सुरू व्हायच्या आधीच तुमच्या खात्यात जमा असतात.

म्हणून तगड्याशी खेळताना कच्च्याने मागायचं ते बॉल नव्हे, गेम. आणि शर्यत ठेवायची आखूड.

आता फॅट्सच्या बाजूने बघा. त्याला दोन्ही दिशांनी हा सौदा जमायचा. कच्चा समोर आला की त्याच्या हक्कापेक्षा थोडी कमी सवलत द्यायची. आपल्यापेक्षा तगडा समोर आला की बोलून बोलून, रडगाणं गाऊन, टिंगल करून आपल्या हक्कापेक्षा थोडी जास्त काढायची. आणि जमलंच नाही तर खेळायचंच नाही. डाव न खेळणं हाही डावच असतो, हे कळायला बऱ्याच जुगाऱ्यांचं आयुष्य जातं.

इलिनॉयमधला संसार

१९४१ साली फिरत फिरत तो इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला पोचला. कोळशाच्या खाणींचा, छोट्या छोट्या गावांचा भाग. पण जुगाराला तिथे बऱ्यापैकी मोकळीक होती, त्यामुळे देशभरचे जुगारी तिकडे वळायचे. ड्यू क्वॉइन नावाच्या गावात त्याची गाठ एव्हलिनशी पडली आणि त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. पुढे जवळच्याच डॉवेल या चिमुकल्या गावात त्यांनी घर केलं.

लग्न झालं म्हणून गडी नोकरीला लागला असं काही झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हर्जिनियातलं नॉरफोक हे नौदलाचं बंदर पैशाने ओसंडत होतं. खलाशी, गोदी कामगार, सगळ्यांच्या खिशात पगार आणि उद्याचा भरवसा नाही. हसलर लोकांनी तिकडे धाव घेतली, त्यात फॅट्सही होता.

युद्ध संपलं आणि हळूहळू पूलचे दिवस फिरले. पन्नाशीच्या दशकात हॉल ओस पडू लागले. तरुण पोरं लग्न करून उपनगरात गेली, घरात टीव्ही आला. फॅट्स डॉवेलमध्ये बसून होता. दारात भटकी कुत्री-मांजरं जमवायची आणि त्यांना खाऊ घालायचं, हा त्याचा उद्योग. जनावरांवर त्याचा भारी जीव. माणसांचे खिसे रिकामे करणारा हा गडी रस्त्यावरच्या कुत्र्याला उपाशी जाऊ देत नव्हता.

वय पन्नाशीकडे झुकलं होतं. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती.

आणि पिक्चर आला

१९५९ साली वॉल्टर टेव्हिस या लेखकाची 'द हसलर' ही कादंबरी आली. पैशावर पूल खेळणारा एक तरुण आणि त्याला हरवायचा असलेला एक जाडा, शांत, अजिंक्य वाटणारा खेळाडू. त्या जाड्याचं नाव लेखकाने ठेवलं होतं मिनेसोटा फॅट्स. १९६१ मध्ये त्यावर पिक्चर निघाला. तरुणाच्या भूमिकेत पॉल न्यूमन, जाड्याच्या भूमिकेत जॅकी ग्लीसन. पिक्चर जोरात चालला आणि ओस पडलेल्या पूल हॉलमध्ये पुन्हा गर्दी झाली.

डॉवेलमधल्या वांडरोनने हे पाहिलं आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव टाकला. त्याने जाहीर केलं की पडद्यावरचा तो जाडा म्हणजे मीच.

टेव्हिस सांगत राहिला की हे पात्र कल्पनेतलं आहे, या माणसाशी त्याचा संबंध नाही. आयुष्यभर सांगत राहिला. पण काही उपयोग झाला नाही. वांडरोन ना मिनेसोटात जन्मला होता, ना तिथे राहिला होता. तरी न्यूयॉर्क फॅट्सचा मिनेसोटा फॅट्स झाला तो कायमचा.

नशीबही कसं बघा. त्याच साली त्याच्या घरापासून जवळच्याच जॉन्स्टन सिटीमध्ये जान्स्को बंधूंनी हसलर लोकांची स्पर्धा सुरू केली. आतापर्यंत अंधारात राहणारी मंडळी पहिल्यांदाच उजेडात आली. पत्रकार आले, कॅमेरे आले. पत्रकारांना हवी होती स्टोरी आणि फॅट्सकडे स्टोऱ्यांचा तुटवडा नव्हता. बादशहांशी खेळलो, जगभर फिरलो, पैसे लावलेले असताना कधी हरलोच नाही. यातलं खरं किती याचा हिशेब कुणी मागत नव्हतं.

त्या स्पर्धेतली अजिंक्यपदं ल्यूथर लॅसिटरसारख्या खेळाडूंनी नेली. विजेत्यांच्या यादीत फॅट्सचं नाव नाही. पण फोटो त्याचे छापून आले.

मग पुस्तक आलं, टीव्हीवर त्याच्या नावाचे शो आले, सिनेनट त्याच्याशी पूल खेळायला स्टुडिओत येऊ लागले. पूल टेबल विकणाऱ्यांनी त्याचं नाव आपल्या मालाला लावलं. जो माणूस आयुष्यभर ओळख लपवून कमवत होता, तो आता फक्त ओळखीवर कमवू लागला. कारण मिनेसोटा फॅट्स कोण हे कळल्यावर अनोळखी माणसाला गंडवणं शक्यच नव्हतं. नाव मिळालं तेव्हा जुना धंदा बुडाला, पण नवा त्याहून मोठा निघाला.

दुसऱ्या बाजूचा माणूस

हे सगळं बघून फिलाडेल्फियात एक माणूस आतून जळत होता. विली मोस्कोनी.

मोस्कोनीचा जन्मही १९१३ चाच. बाप पूल हॉल चालवायचा, पण पोराने खेळू नये म्हणून क्यू आणि बॉल कुलपात ठेवायचा. पोरगं घरातले छोटे बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन शिकलं. १९४१ ते १९५७ या काळात त्याने १५ वेळा जागतिक अजिंक्यपद पटकावलं. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका प्रदर्शनी सामन्यात त्याने एकदाही न चुकता सलग ५२६ बॉल घातले. कितीतरी दशकं हा आकडा पूलचा शेवटचा शब्द मानला गेला.

'द हसलर' पिक्चरचा तांत्रिक सल्लागारही तोच होता. पडद्यावर दिसणारे अवघड शॉट बसवण्यात त्याचा हात होता. म्हणजे पिक्चरसाठी घाम गाळला मोस्कोनीने आणि पिक्चरचं नाव घेऊन मोठा झाला वांडरोन.

मोस्कोनीला खेळाची इज्जत प्यारी होती. सूट, टाय, शिस्त. पूल म्हटलं की लोकांना जुगारी आणि लबाड आठवतात याची त्याला चीड होती आणि फॅट्स तर त्याच लबाडीच्या जोरावर टीव्हीवर मिरवत होता. वर तो सांगत फिरायचा की मोस्कोनीला मी कित्येकदा हरवलंय.

जॉन्स्टन सिटीची स्पर्धा १९७२ साली केंद्रीय यंत्रणांनी जुगारावरून धाड टाकल्यावर बंद पडली. पण फॅट्सचा बोलबाला काही कमी झाला नाही.

सवलतीशिवायचा डाव

शेवटी फेब्रुवारी १९७८ मध्ये टीव्हीवाल्यांनी दोघांना समोरासमोर आणलं. जागा न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेल. वाहिनी एबीसी. कॉमेंट्रीला हॉवर्ड कोसेल, म्हणजे मोहम्मद अलीच्या बॉक्सिंग सामन्यांमुळे घराघरात पोचलेला माणूस. फॅट्स ६५ वर्षांचा, मोस्कोनी ६४ चा.

आता इथे फॅट्सची अडचण काय होती ते समजून घ्या.

कोणते गेम खेळायचे, किती गेमपर्यंत खेळायचे, हे टीव्हीसाठी आधीच ठरलेलं. दोघांना एकच नियम. तारेवर एकही मणी आगाऊ सरकवलेला नाही. अड्ड्यावर असता तर फॅट्स मोस्कोनीशी बरोबरीने कधीच खेळला नसता. वन-पॉकेट मागितला असता, वर दोन बॉल मागितले असते, टेबलाबद्दल कुरकुर केली असती, तासभर वाद घातला असता आणि सौदा पटला नसता तर कोट घालून निघून गेला असता. डबल स्मार्ट हे नाव त्याने असंच तर कमावलं होतं.

पण टीव्हीवर निघून जाता येत नाही. इतकी वर्षं जे नाव विकलं, त्याची किंमत म्हणून त्याला तो एक डाव खेळावाच लागला, जो हुशार हसलर कधीही खेळणार नाही. आपल्यापेक्षा तगड्याशी, लांब शर्यत, सवलत शून्य.

उरलं होतं फक्त तोंड. ते त्याने मनसोक्त वापरलं. मोस्कोनी शॉट घेताना हा प्रेक्षकांशी बोलतोय, जोक मारतोय, जुने किस्से सांगतोय. लोक हसत होते. मोस्कोनी वैतागत होता, पण त्याचा हात हलला नाही.

मोस्कोनी आरामात जिंकला. पुढेही दोघांचे टीव्हीवर सामने झाले, त्यातही पारडं त्याचंच जड राहिलं.

गणिताने आपलं काम चोख केलं होतं. पण टीव्ही बघणाऱ्या लोकांनी वेगळाच निकाल लावला. त्यांना मजा आली ती फॅट्सची. जिंकलेला माणूस चिडका वाटला आणि हरलेला आपला वाटला. सामना बघून झाल्यावर लोकांच्या तोंडी नाव फॅट्सचंच होतं. मोस्कोनीला हे शेवटपर्यंत पचलं नाही. त्याने टेबलावर सगळं जिंकलं होतं, पण ज्या जागेवर हा सौदा चालला होता तिथे तो कधी गेलाच नव्हता.

शेवटचा हिशेब

१९८४ साली अमेरिकेच्या बिलियर्ड काँग्रेसने फॅट्सला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. मोस्कोनी तिथे १९६८ पासूनच होता. पण दोघांच्या प्रवेशात फरक आहे. मोस्कोनीला घेतलं ते महान खेळाडू म्हणून. फॅट्सला घेतलं ते खेळाची सेवा केल्याबद्दल, म्हणजे पूल लोकांपर्यंत पोचवल्याबद्दल. निवडणाऱ्यांनी फॅट्सला किती द्यायचं आणि किती नाही, हे बरोबर मोजलं होतं.

१९८५ मध्ये एव्हलिनशी त्याचा घटस्फोट झाला. चाळीसहून जास्त वर्षांचा संसार. नवरा कायम रस्त्यावर, घरात कुत्र्या-मांजरांची फौज आणि पैसा आज आहे तर उद्या नाही, हे सगळं तिने सोसलं होतं. फॅट्स टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये हर्मिटेज नावाच्या जुन्या, नामांकित हॉटेलात राहायला गेला. हॉटेलने त्याच्यासाठी पूल टेबल मांडलं. बघ्यांना तो शॉट दाखवायचा, किस्से सांगायचा, बाहेर जाऊन कबुतरांना दाणे टाकायचा.

मोस्कोनी सप्टेंबर १९९३ मध्ये गेला. फॅट्स जानेवारी १९९६ मध्ये, ८३ व्या वाढदिवसाच्या अगदी तोंडावर. अर्थात त्याचं ऐकलं असतं तर तो तेव्हा नव्वदीच्या पुढे असायला हवा होता, कारण मुलाखतींमध्ये तो आपलं वय दहाएक वर्षांनी वाढवून सांगायचा. वयाच्या बाबतीतही त्याने काही वर्षं तारेवर आधीच सरकवून ठेवली होती.

त्याच्या आयुष्यातून जुगार शिकावा असं काही नाही. शिकण्यासारखं आहे ते एवढंच, की सवलत देणारा माणूस तुमच्यापेक्षा जास्त मोजून बसलेला असतो. तो २ देत असेल तर तुम्हाला ३ लागतात का, हे आपल्या आपण मोजावं. उत्तर येत नसेल तर क्यू भिंतीला लावून चहा प्यायला जावं. फॅट्सनेही हेच केलं असतं.

हर्मिटेज हॉटेलात सही मागायला येणाऱ्यांची रीघ लागायची. म्हातारपणी त्याने त्यावरही उपाय काढला होता. खिशात एक रबरी शिक्का ठेवायचा आणि कागद पुढे आला की ठप्पा मारून द्यायचा. त्या शिक्क्यावर रुडॉल्फ वांडरोन हे नाव नव्हतं. लोक जे नाव घ्यायला यायचे, तेच होतं.